सैन्याची खरेदी आणि काटकसर

प्रश्न : संरक्षणावरील खर्च दरवर्षी वाढतो आहे. बूट, गणवेश, शिधा, वाहनांचे सुटे भाग अशा नेहमीच्या वस्तूंच्या खरेदीत काटकसर करायची असेल, तर सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे पुरेसे नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पुरेसे नाही. निविदेतला दर सर्वांना दिसतो, म्हणून सारी चर्चा त्याभोवतीच फिरते. पण मागणी नोंदवल्यापासून माल जवानाच्या हाती पडेपर्यंत जो विलंब होतो, त्याची किंमत कोणत्याच निविदेत लिहिलेली नसते.

लडाखचेच पाहा. श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद होते. सीमा रस्ते संघटनेने हा बंद काळ अलीकडे फार कमी केला आहे, आणि त्याबद्दल तिचे करावे तेवढे कौतुक थोडेच. तरीही शिधा, रॉकेल आणि उबदार कपड्यांचा मोठा साठा बर्फ पडण्यापूर्वीच वर न्यावा लागतो. माल उन्हाळ्यात ट्रकवर चढायचा असेल, तर करार त्याच्या कितीतरी आधी झाला पाहिजे आणि नमुन्यांची तपासणी, निविदा, वित्तीय मंजुरी हे सगळे त्याही आधी उरकले पाहिजे. यांपैकी एका टप्प्यावर फाइल अडकली की ट्रकने जाणारा माल विमानाने पाठवावा लागतो आणि दरात घासाघीस करून वाचवलेले पैसे वाहतुकीत जातात. कधी तर माल पोहोचतच नाही. 2020 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या यंत्रणेने, नोंदवले आहे, की नोव्हेंबर 2015 ते सप्टेंबर 2016 या काळात अतिउंचावरील जवानांसाठी बहुउपयोगी बूट खरेदीच झाले नाहीत आणि असलेलेच बूट पुन्हा वापरात आणावे लागले. बर्फात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांशी अशी काटकसर होता कामा नये.

यावर उपाय म्हणून एकदम प्रचंड ऑर्डर देणेही चूकच. दारूगोळा, बॅटऱ्या आणि रबरी भाग यांना टिकण्याची मुदत असते; मुदत संपलेला साठा सांभाळणे आणि नष्ट करणे यांवरही खर्च होतो. मागील वापराच्या नोंदी पाहून ठरवलेली, अनेक वर्षे चालणारी आणि टप्प्याटप्प्याने माल घेणारी ऑर्डर मला सर्वांत किफायतशीर वाटते. भोसरीतल्या लहान कारखानदाराला एकाच वर्षाचे काम दिले, तर साच्यांचा सगळा खर्च तो त्याच वर्षाच्या दरात धरणार; पाच वर्षांची खात्री असेल, तर तोच खर्च पाच वर्षांत विभागला जाईल. 2009 च्या नियमपुस्तिकेच्या जागी 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेत देशात विकसित केलेल्या वस्तूंसाठी पाच वर्षांपर्यंतच्या खात्रीच्या ऑर्डरची तरतूद आहे. ती फार पूर्वीच व्हायला हवी होती.

प्रश्न : लष्कराने आपल्या दुग्धशाळा का बंद केल्या?

उत्तर : 1889 मध्ये अलाहाबादला पहिले लष्करी फार्म निघाले, तेव्हा छावण्यांना शुद्ध दूध बाजारात खात्रीने मिळत नव्हते. पुढे सहकारी दूध संघांचे जाळे पसरले आणि जमीन, गुरे व मनुष्यबळ अडकवून ठेवण्याचे कारण उरले नाही. सैन्याची लढाऊ क्षमता आणि खर्च यांचा मेळ घालण्यासाठी नेमलेल्या लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीच्या शिफारशींपैकी 65 शिफारशी सरकारने 2017 मध्ये स्वीकारल्या. त्यांत ही 39 फार्म बंद करण्याची शिफारस होती आणि 2021 मध्ये ती पूर्णपणे बंद झाली. मात्र बाहेरून दूध घेताना प्रत्येक छावणीत रोजच्या तपासणीची सोय ठेवणे आवश्यक आहे आणि तो खर्च खरेदीच्या हिशेबात धरलाच पाहिजे.