जुन्या मियाटाचा रिव्हर्स नीट पडत नाही, गॅरेजवाला क्लच बदला म्हणतोय, बदलू का?

थांबा, पैसे देऊ नका. १९९३ ची माझदा मियाटा, सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना करकर, पेडल कधी घट्ट तर कधी लोण्यात पाय घातल्यासारखं, गॅरेजवाला गिअरबॉक्स उतरवून अख्खा क्लच बदलायचे १४०० डॉलर सांगतोय, आणि ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की मागून ठक्क. हेच ना? आधी टॉर्च घ्या आणि गाडीखाली शिरा.

मी एवढ्या तावातावानं लिहितोय कारण ह्याच गोष्टीवरून माझं नि आमच्या अण्णांचं २०१६ पासून भांडण चालू आहे. अण्णा म्हणजे वडील, कराड डेपोत एकतीस वर्षं एसटीचे मेकॅनिक, लेलँड काय नि टाटा काय, आवाजावरून सांगायचे कुठला गिअर रडतोय. त्या साली ते सहा महिने आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते आणि माझ्याकडे १९९१ ची लाल मियाटा होती, दोन सीटची, टप उघडणारी. अण्णांना पहिल्याच दिवशी गाडी पसंत नाही, "ह्यात सामान कुठं ठेवायचं रं?" पण बसले. आणि बसल्यावर रस्ता बघायचा सोडून माझा डावा पाय बघत बसले.

"पाय काढ की क्लचवरनं. प्लेट खाशील."

मी म्हटलं अण्णा, पाय क्लचवर नाहीये, बाजूला जो पाट आहे त्यावर आहे. "मला दिसतंय," म्हणाले. संपलं. त्यानंतर प्रत्येक चक्करला तेच, देवळात जाताना, किराणा आणायला जाताना, पाय काढ, पाय काढ.

मग एका रविवारी डेलावेअर वॉटर गॅप बघून परत येत होतो, रूट ८० वर ट्रॅफिक तुंबलेलं, आणि थांबत-चालत थांबत-चालत करताना पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकानं उचकटून वर आणलं, परत दाबलं, फर्स्ट पडेना, रिव्हर्स तर सोडाच. कशीबशी कडेला घेतली. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हटलं नव्हतं?"

मी टोइंगला फोन लावत होतो, तर त्यांनी फोन खाली ठेवायला लावला. इंजिन बंद कर, फर्स्ट टाक, स्टार्टर मार. (ह्या गाडीत पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, क्लच सुटत नसला तरी पेडलनं स्विच दबतो, तेवढं पुरतं.) गाडी बेडकासारखी उडी मारून चालू झाली. पुढचे गिअर अण्णांनी माझ्याकडून कानानं टाकून घेतले, न्यूट्रल कर, आवाज उतरू दे, उतरू दे, आता, आणि गिअर अलगद आत. डबल क्लच मारणारी पिढी, त्यांना बिनक्लचचं काय कौतुक. साठेक मैल तसे आलो, सिग्नल लांबून बघून वेग मोडायचा, लाल लागलाच तर इंजिन बंद आणि परत बेडूक. घरी पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळून काढण्याइतका भिजलेला, आणि अण्णा सूनबाईला सांगतायत, "आमटी गरम कर, पोरगं गाडी चालवायला शिकलं आज."

इथपर्यंत मान्य, उस्ताद माणूस. पण निदान चुकलं आणि ते अजून कबूल करत नाहीत, माझं म्हणणं एवढंच आहे. ते म्हणाले प्लेट गेली. गॅरेजवाला म्हणाला प्लेट गेली. दोघांनीही खाली वाकून बघितलं नाही. मी मोजले ११५० डॉलर, नवीन प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं. चार दिवस मस्त चालली, कारण काम करताना त्यांनी क्लचच्या तेलात अडकलेली एअर काढली असणार, आणि पाचव्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पेडल परत खाली.

त्या रात्री मी स्वतः जॅक स्टँड लावून खाली गेलो. गिअरबॉक्सच्या बाहेर, उजव्या अंगाला, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर असतो, पेडलचा जोर तेलाच्या दाबानं येतो तो घेऊन क्लच सोडवणारा, अंगठ्याएवढा, त्याच्या टोकाला रबराचं टोपण, त्याला बूट म्हणतात. ते बूट बोटानं मागे सारलं आणि काळं ब्रेक ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. झालं निदान. दोन बोल्ट आणि एक पाइप, तेव्हा पस्तीस-चाळीस डॉलरचा पार्ट, गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही कारण सिलिंडर बाहेर आहे. अण्णा वर सीटवर बसून पेडल मारत होते, दाबा, धरा, सोडा, दाबा, धरा, सोडा, तासभर एअर काढली. पेडल असं आलं की वा. अण्णा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "पाय ठिवून चालवतोस, म्हणून सिलिंडर गेला."

आता तुम्हीच सांगा. पाय ठेवल्यानं रिलीज बेअरिंग जाईल, प्लेट घासेल, हे मला पण माहितीये. स्लेव्हचं सील जातं वयानं आणि घाण तेलानं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, तेल वर्षानुवर्षं बदललेलं नसलं की आत गंज धरतो, सिलिंडरला खड्डे पडतात आणि त्यावर रबर घासून घासून तेल सोडायला लागतं. पंचवीस वर्षांचं रबर, त्यात माझ्या पायाचा काय संबंध? ब्रेकचं तेल लोक बदलतात, क्लचची ती छोटी बाटली कोणी उघडूनसुद्धा बघत नाही.

तर तुमचं. क्लच सुटत नाही आणि क्लच स्लिप होतो हे दोन वेगळे आजार आहेत आणि निम्मी गॅरेजं दोन्हीला एकच औषध देतात. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, चालू केलं की करकर, आणि पेडल तीन-चारदा पटापट मारलं की रिव्हर्स पडतो, असं असेल तर हायड्रॉलिकचाच, म्हणजे तेलाच्या दाबाचाच घोळ, प्लेटचा नाही. बाटलीत तेलाची पातळी बघा, स्लेव्हचं बूट सारून बघा, आणि आत पेडलच्या वर मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की स्लेव्हकडे तेल ढकलतो तो) दांड्यावर ओल आहे का बघा, कार्पेटवर डाग असतो. उलट चौथ्यात चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडीचा वेग वाढत नाहीये, तर मात्र प्लेट, आणि तिथं तुमचा गॅरेजवाला बरोबर.

स्लेव्ह बदलणार असाल तर मास्टर पण त्याच दिवशी बदला. मी कंजूसपणा केला, आठ महिन्यांनी मास्टर गेला, परत तेच दाबा-धरा-सोडा, ह्या वेळी बायकोकडून, आणि तिचं मत ह्या गाडीबद्दल इथं लिहिण्यासारखं नाही.

मागच्या ठक्कचं मला गाडी बघितल्यावाचून छातीठोक सांगता येणार नाही, प्रॉपशाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा) जॉइंट हातानं हलवून बघा, ढिले लागले तर ते, नाहीतर डिफरन्शिअलचे (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) रबरी बुश. ह्या गाडीत गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जाते, गिअरबॉक्स उतरवायचा तर ती काढावी लागते आणि परत लावताना उंची जुळवावी लागते. माझ्या गॅरेजवाल्यानं ती अंदाजानं आवळली, मग साठच्या पुढे सीटखाली गुरगुर सुरू, ती मीच नंतर सैल करून परत बसवली. म्हणून सांगतोय, कारण नसताना गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. उतरवावाच लागला तर इंजिनचं मागचं क्रँक सील आणि पायलट बेअरिंग त्यातच बदलून घ्या, मजुरी तीच आहे.

आणि हो, बिनक्लचचं चालवायचा प्रयोग माझं वाचून करू नका. तुमचं १६०० सीसीचं इंजिन, त्याचं डिफरन्शिअल १९९४ च्या पुढच्या १८०० वाल्यापेक्षा लहान आहे, आणि गिअरमध्ये स्टार्टर मारणं कुठल्याच गाडीला चांगलं नाही. आमच्याजवळ अण्णा होते.

अजून एक, आता लिहितोच आहे तर. गॅरेजवाल्यानं जुनी प्लेट मला खोक्यात घालून दिली होती. रिव्हेट लागायला नखाएवढं पण उरलं नव्हतं, आणि ज्यावर प्लेट दाबली जाते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग होते असं तो म्हणाला. म्हणजे क्लच पण आज ना उद्या जाणारच होता, ११५० अगदीच पाण्यात गेले नाहीत. ते डाग कशानं पडतात ते मला विचारू नका, गाडी माझ्याआधी दोघांनी चालवलेली. अण्णा अजून रविवारच्या व्हिडिओ कॉलला मधेच विचारतात, "ती जुनी प्लेट बघितलीस का रं कधी?" मी सांगतो, गॅरेजवाल्यानं टाकून दिली. खोकं बेसमेंटमध्ये बर्फाच्या टायरांमागे आहे.