सहा महिन्यांच्या बाळाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावं का? घशात अडकणार नाही ना?

द्या, पण निव्वळ सहा महिने भरले म्हणून नको. थोड्या आधाराने ताठ बसतं का, मान सावरतं का, घास जिभेने बाहेर ढकलणं कमी झालंय का, हे आधी बघा.

आमच्याकडे नागपुरात सुरुवात वाफवलेल्या लाल भोपळ्याने झाली. फोड बोटाएवढी लांब, कारण या वयात बाळ अख्खी मूठ आवळतं आणि मुठीबाहेर उरेल तेवढंच चोखतं. चिमटीने दाणा उचलणं साधारण आठ-नऊ महिन्यांनी जमतं. फोड दोन बोटांत सहज चेपली पाहिजे. पहिल्या दिवशी पोटात काही गेलं नाही, कानात मात्र गेलं! दूध चालूच होतं, त्यामुळे चिंता नव्हती.

बाळाला उबळ आली की सासूबाई "अगं बाई, काढ ना ते!" म्हणत धावायच्या. पण आवाज येतोय, खोकतंय, तोंड लाल झालंय तोवर बोट घालू नका, घास आणखी आत जातो. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडले तर ते खरं अडकणं. त्यावेळचे प्रथमोपचार आधीच डॉक्टरांकडून शिकून घ्या आणि खाताना बाळाला एकटं सोडू नका.

संत्र्याच्या फोडीचा पापुद्रा आणि बिया काढा. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर नकोच. मध बाळ वर्षाचं होईपर्यंत अजिबात नाही, मीठ-साखरही टाळा. लोहासाठी नीट शिजवलेलं अंडं किंवा घट्ट वरण द्या. वरण चमच्याने भरवलं तरी चालतं, त्यात कसला नियमभंग!