तुरळक काय? पाऊस की ठिकाणं?

दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय: ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ असं हवामान खातं सांगतं. तुरळक म्हणजे थोडासा ना? मग तोच पाऊस मुसळधार कसा? तुरळक ऐकून आमच्याकडे सोंगलेल्या सोयाबीनची गंजी कोणी झाकलीच नाही.

भाऊ, या वाक्यात तुरळक आहेत ती ठिकाणं. तुरळक वस्ती म्हणतो तेव्हा घरं दूरदूर असतात, लहानच असतात असं नाही. घोळ घालतात ते बातम्यांचे मथळे. ‘ठिकाणी’ उडवलं की ‘तुरळक पाऊस’ उरतो आणि ऐकणाऱ्याला भुरभुर वाटते. (आपल्याकडे ‘पाणी येते’ म्हणतात, ‘तुरळक पाणी’ मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.)

खात्याच्या लेखी हा मोजून-मापून वापरलेला शब्द आहे. विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी पावपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक ठिकाणी, पाव ते निम्म्या केंद्रांवर असेल तर काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी, आणि पाऊण हिश्श्याच्या वर सर्वदूर. किती पडेल याची पट्टी वेगळी. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर झाला की मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार. म्हणून ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ यात विसंगती काहीच नाही.

मग गावाचं नावच का घेत नाहीत? अंदाजाचं गणित करणारं मॉडेल, म्हणजे संगणकावरचा कार्यक्रम, हवेच्या चौकटी पाडतं. देशाच्या अंदाजासाठी ही चौकट सुमारे १२ किलोमीटरची होती. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मुळे २०२५ मध्ये ती ६ किलोमीटरवर आली. गडगडाट करणारा ढग मात्र अनेकदा चारदोन किलोमीटरचाच. तो मोठ्या चौकटीत दिसतच नाही, मॉडेल त्याचा परिणाम ठोकताळ्याने धरतं. त्यामुळे एका धुऱ्यावर कोसळणारं पाणी गणितात अख्ख्या चौकटीवर भुरभुर होऊन पसरतं. असली मॉडेलं वळवाचा पाऊस भर दुपारीच पाडतात, आणि आपल्याला तर माहीत आहे की तो येतो दिवस कलल्यावर.

चौकट तीन-चार किलोमीटर किंवा त्याहून बारीक केली की ढगाचं चढणं-कोसळणं ठोकताळ्याविना थेट गणितात येतं, पावसाची वेळही बरीच सुधारते. तापमान वाढल्यावर थोड्या वेळात कोसळणाऱ्या सरी कशा बदलतील, हे संशोधक आता अशाच मॉडेलांवर तपासतात. जपानच्या ‘निकाम’ मॉडेलने तर दीड-दोन दशकांपूर्वीच अख्ख्या पृथ्वीचं गणित साडेतीन किलोमीटरवर करून दाखवलं. अडचण खर्चाची आहे. चौकटीची रुंदी निम्मी केली की लांबी, रुंदी आणि वेळेचे टप्पे धरून काम साधारण आठपट होतं.

आणि एवढं करूनही ढग नेमका दारव्ह्यावर उठेल की शेजारच्या दिग्रसवर, हे आदल्या दिवशी छातीठोक सांगता येत नाही. सुरुवातीच्या हवेच्या मोजमापातली बारीकशी चूक काही तासांत ढग दुसऱ्या शिवारात नेते. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग इतक्यात निवृत्त होईल असं मला वाटत नाही.

गंजी झाकायची की नाही हे ठरवताना ‘ठिकाणी’च्या पुढचा शब्द वाचा. तिथे ‘मुसळधार’ असेल तर ताडपत्री काढा, आणि दुपारनंतर नागपूरच्या रडारचं चित्र मोबाईलवर पाहत राहा.