सामानाला पुढे जागा ठेवू नका

प्रश्न : ताई, आमची थोडी जमीन कोरेगाव तालुक्यात आहे. होळीनंतर आम्ही शाळूची पोती पुण्याला आणतो. गाडी छोटी हॅचबॅक. डिकीत ५०-५० किलोची तीन पोती आणि आत आम्ही चौघं. यंदा नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरताना पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक लावला. मीही लावला, गाडी थांबली, पण पोती मागच्या सीटवर आदळली आणि आईच्या पाठीला मार बसला. पोती बांधायला पाहिजे होती हे कळतं, पण डिकीत बांधायचं कशाला? – एक वाचक, धायरी

उत्तर : आईंची पाठ आता कशी आहे? अजून दुखत असेल, किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर शेक-मलमावर न थांबता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बाकीचं त्यानंतर.

तुम्ही ब्रेक लावलात तेव्हा थांबली ती गाडी. पोत्यांना कोणी ब्रेक लावला नव्हता. ती आपल्या वेगाने पुढे चालत राहिली आणि वाटेत जे पहिलं आलं त्यावर आपटली. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जोरात दाबलेला ब्रेक, एवढं असलं की प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या साधारण ०.८ पट जोराने पुढे रेटते. म्हणजे एक पोतं ४० किलोने, तीन पोती १२० किलोने. युरोपात मालाच्या ट्रकमध्ये माल बांधताना हाच ०.८ चा हिशेब पुढच्या दिशेला धरतात, बाजूला आणि मागे ०.५ चा. घरच्या गाडीलाही मी तोच धरायला सांगते.

हे झालं नुसत्या ब्रेकचं. ताशी ५० किलोमीटरला गाडी भिंतीसारख्या कशावर धडकली आणि पुढचा भाग ६० सेंटीमीटर चेपून थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सोळा पट जोराने पुढे येते. एक पोतं ८०० किलोचं होतं. मागच्या सीटची पाठ ते पेलेल का? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांमधला १७ क्रमांकाचा नियम सीटांच्या मजबुतीबद्दल आहे. त्यातल्या चाचणीत डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात आणि ताशी ५० च्या धडकेइतका झटका देतात. दोन मिळून ३६ किलो. तुमच्या डिकीत १५० होते. त्यामुळे मागे आई बसलेली असताना तीन पोती डिकीत घालूच नका, कितीही चांगली बांधलीत तरी. वजनाच्या हिशेबातही ते बसत नाही. छोट्या हॅचबॅकला माणसं आणि सामान मिळून साधारण चारशे-सव्वाचारशे किलो चालतं (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे). चौघांचे २८० धरा, त्यात १५० मिळवा, की ४३० झाले आणि गाडी काठाबाहेर गेली. वर गावाहून निघताना कोणी नारळ देतं, कोणी तुपाची बरणी देतं, ते वेगळंच.

एक पोतं आणा, फार तर दोन. उरलेलं टेम्पोने मागवा, किंवा कोणीतरी एकटा पुढच्या खेपेला जाईल तेव्हा. आणि ५० किलोचं पोतं आहे तसं चढवू नका. गावातच २५-२५ किलोच्या पिशव्यांत भरून घ्या. भरलेलं पोतं गोल असतं, लोळतं. अर्धी पिशवी पसरते आणि बसते.

आता तुमचा खरा प्रश्न, बांधायचं कशाला. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या डिकीत पट्टा अडकवायच्या कड्याच नसतात. म्हणून मी बांधण्याआधी टेकवायला सांगते. जड वस्तू तळाला, आडवी, आणि मागच्या सीटच्या पाठीला घट्ट टेकलेली पाहिजे. मध्ये चार बोटांची फट राहिली तरी ब्रेकच्या वेळी पोतं ती फट वेगाने ओलांडतं आणि मग आदळतं. टेकलेलं पोतं रेटतं, सुटलेलं पोतं ठोसा मारतं. तुमच्या आईंना बसला तो ठोसा. पोत्यांच्या मागे आणि बाजूला उरलेली जागा गोधड्यांनी, कपड्यांच्या पिशव्यांनी ठासून भरा. सीटच्या पाठीच्या उंचीवर काहीही जाता कामा नये. वरून जे येतं ते थेट डोक्यावर येतं.

निघण्यापूर्वी मागच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी पुढे ओढून बघा. घडी घालता येणाऱ्या सीटची खिट्टी अर्धवट बसलेली असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही गाड्यांत खिट्टी नीट बसली नसेल तर लाल खूण दिसते. मी गाडी शिकवते तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे करून घेते. शिकणारे विचारतात, डिकीचा आणि ड्रायव्हिंगचा काय संबंध? संबंध तुम्ही पाहिलात.

मागे कोणी बसणार नसेल तर उत्तमच. मग जड पिशव्या डिकीत न ठेवता पुढच्या सीटांच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत ठेवा. गाडीतली वजनासाठी सगळ्यात चांगली जागा ती. खाली असते, मध्यावर असते आणि पुढे जायला वाव नसतो. पाटा-वरवंटा, तेलाचा डबा, बॅटरी, सगळं तिथे. मग रिकाम्या मागच्या सीटचे पट्टेही लावून टाका. सीटच्या पाठीला तेवढाच आधार मिळतो. डिकीत कड्या असतील तर रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा पट्टा घ्या, बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. रबरी हुकवाल्या दोऱ्या ताडपत्री उडू नये म्हणून ठीक आहेत. पोत्यापुढे त्या ताणत जातात, धरून ठेवत नाहीत.

मागे वजन असलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकडे असलेलं चाक असेल तर ते वाढवून दिवा खाली करा. टायरमधली हवा पूर्ण भाराच्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरा. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. आणि नवले पुलाच्या उताराला न्यूट्रल नको. बोगद्यातून बाहेर पडतानाच गिअर खाली आणा, इंजिनाला गाडी धरू द्या. भरलेल्या गाडीचे ब्रेक त्या उतारावर फार तापतात.

प्रश्न : आमच्याकडे गणपती कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणतात. मूर्ती शाडूची, फूटभर उंच. सासरे पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसतात, ती त्यांची अनेक वर्षांची श्रद्धा आहे. गाडी नवीन घेतली, तिला सहा एअरबॅग आहेत. मुलगा म्हणतो, आता असं बसणं धोक्याचं आहे. सासऱ्यांना कसं सांगू? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय, आणि त्याने विचारलं याचं मला फार बरं वाटलं.

धडक बसली की पुढची एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि ती बसलेल्या माणसाच्या छातीकडेच येते. सासऱ्यांच्या छातीत आणि तिच्यात त्या वेळी शाडूची मूर्ती असेल. कुंभारवाड्यापासून तुमच्या घरापर्यंत रस्ता जवळचा, वेग कमी, हे खरं. पण एअरबॅग वेग किती हे विचारून थांबत नाही, धक्का पुरेसा मोठा झाला की ती फुगतेच. हातांचंही तसंच. सात-आठ किलोची मूर्ती धडकेत शंभर किलोच्या वर जाते. कितीही भक्तीने धरली तरी ती हातात राहणार नाही. पट्टा न लावता बसत असतील तर ते आधी थांबवा. कायद्याने १००० रुपये दंड आहेच, पण दंडाची गोष्ट सासऱ्यांशी बोलताना काढूच नका.

त्यांना असं सांगा की बाप्पांना या वर्षी स्वतःची जागा द्यायची आहे. रुंद पाट घ्या, मूर्तीच्या बैठकीपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा. उंच मूर्ती अरुंद पाटावर ब्रेकला पुढे झुकते. पाट जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा, मूर्तीच्या चारी बाजूंना जुन्या सुती साड्या दाबून भरा. सोंड आणि हात यांच्यावर दाब येऊ देऊ नका, आधार पोटाशी आणि बैठकीशी द्या. खोकं पुढच्या डाव्या सीटच्या मागे, तळावर ठेवा आणि पुढची सीट हलकेच मागे सरकवून ते अडकवा.

"बाप्पांना पायाशी ठेवायचं?" हे सासरे म्हणतील, आणि त्यांना तसं वाटणं रास्त आहे. मी आमच्या घरी तिथे आधी धुतलेलं सोवळ्याचं वस्त्र अंथरते आणि त्या बाजूला कोणालाही बसू देत नाही. मग ती पायाची जागा राहत नाही. तरीही मन मानत नसेल तर खोकं मागच्या सीटवर ठेवा, पाठीला टेकवून, आणि पट्ट्याचा खालचा भाग त्याभोवती घ्या. पट्टा हळू ओढला तर ढिला येतो, म्हणून उरलेली सैल बाजू खोक्यामागे दाबून घ्या. पण ही जागा पहिल्या जागेइतकी पक्की नाही. सासऱ्यांनी शेजारी पट्टा लावून बसावं, एक हात खोक्यावर ठेवावा. मूर्तीच्या तोंडावर रुमाल घालायचा, मोरयाचा गजर करायचा, ते सगळं तसंच राहू दे.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. कर्वेनगरची खोली सोडून हिंजवडीला जातोय. मित्राची गाडी आहे. गादी टपावर टाकून दोघांनी खिडकीतून हात काढून धरायची, आणि गॅस सिलिंडर मागच्या सीटवर. चालेल ना? – एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : नाही रे, दोन्ही नाही चालणार.

गादी हलकी असते, तोच त्रास आहे. ताशी ६० ला पुढून वारा तिच्याखाली शिरला आणि ती उभी राहिली, तर पंचवीस किलोच्या वर जोर लागतो. ताशी ८० ला तो जवळजवळ दुप्पट होतो, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तुमचे हात ती सोडतील, आणि ती पडेल मागून येणाऱ्या दुचाकीवर. बायपासवर मागे दुचाकी असतेच. गादी गुंडाळून, दोरीने करकचून बांधून, मागची सीट पाडून आत घाल. आत जात नसेल तर छोटा हत्ती ठरव. दोन-तीन मित्र मिळून भाडं वाटून घ्या, सायकल आणि टेबलही त्यातच जाईल.

सिलिंडर बंद गाडीत आणू नकोस. घरगुती भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडाचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे सीटवर तीस किलोची सुटी वस्तू. ती गळायला लागली तर बंद काचांच्या गाडीत तुम्ही दोघं आहात. तुझ्या नावावर कनेक्शन असेल तर एजन्सीकडून ट्रान्सफरचा कागद घे आणि नव्या पत्त्याजवळच्या एजन्सीत दे; सिलिंडर आणि रेग्युलेटरचं काय करायचं तेही एजन्सीलाच विचार. मालकाचं कनेक्शन असेल तर ते मालकाकडेच राहू दे.

प्रश्न : भवानी पेठेतून दहा फुटी पडद्याचे पाइप आणायचे आहेत. डिकी उघडी ठेवून मागे लाल फडकं बांधलं तर? – एक वाचक, वानवडी

उत्तर : दुकानदाराकडून पाच-पाच फुटांचे तुकडे करून घ्या, जोड मिळतात. उघड्या डिकीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. शिवाय माल गाडीबाहेर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आहे. आत आडवे ठेवलेले पाइपही पुढच्या काचेकडे तोंड करून ठेवू नका. त्यांची टोकं चिंधीने गुंडाळून, एकत्र बांधून, पुढच्या सीटच्या पाठीशी अडवा.

प्रश्न : आमची गाडी सीएनजीची आहे, डिकीत टाकी. मार्केट यार्डातून आठवड्याची भाजी कॅरेटमध्ये आणतो, ते टाकीवरच ठेवतो. काही बिघडतं का? – एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : टाकीचा पत्रा जाड असतो, कॅरेटने त्याला काही होत नाही. काळजी घ्यायची ती टोकाच्या व्हॉल्व्हची आणि तिथून निघणाऱ्या नळ्यांची. कॅरेट तिकडे सरकून रोज घासत राहिलं तर जोड सैल होतो. तेव्हा कॅरेट व्हॉल्व्हच्या उलट्या बाजूला, आणि शक्य असेल तर डिकीत नकोच, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. भाजीचं पाणी डिकीत गळतं, त्याने टाकीचे पट्टे आणि बोल्ट गंजतात, म्हणून खाली प्लास्टिक घाला आणि घरी आल्यावर पुसून घ्या. डिकीत कुजका, उग्र वास आला तर तो कोबीचा समजून सोडू नका. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. काचा उघडा, व्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी तपासून घ्या. टाकीची दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, पुढची तारीख गाडीला लावलेल्या सीएनजीच्या पाटीवर असते. पुढच्या आठवड्यात यार्डात जाण्याआधी ती एकदा बघा, आणि उलटून गेली असेल तर चाचणी होईपर्यंत गाडी पेट्रोलवर चालवा.