१९९३ साली रक्त चढवलं होतं, आता हिपॅटायटिस सी निघाला. सरकार असे रुग्ण शोधतं का?

किल्लारीच्या भूकंपात आई जखमी झाली, तेव्हा तिला दोन पिशव्या रक्त चढवलं, आता रिपोर्टमध्ये हिपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा, लिव्हर खराब करणारा विषाणू) आलाय, मग इतक्या वर्षांत कुणी विचारायला कसं आलं नाही, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरकडे बरीच वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. सरळच सांगतो, कुणी येणार नाही.

आमच्याकडे माग काढायचा तो पिशवीच्या नंबरावरून. दाता पुन्हा रक्त द्यायला आला आणि या वेळी पॉझिटिव्ह निघाला, की रजिस्टर काढायचं, त्याची आधीची पिशवी कुठल्या दवाखान्यात, कुणाला गेली ते बघायचं आणि त्या रुग्णाला तपासणीला बोलवायचं. पण हे रजिस्टर कायद्याने पाचच वर्षं जपून ठेवावं लागतं. आणि हिपॅटायटिस सी ची तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली २००१ साली. म्हणजे आजार पकडायची सोय आली तोवर १९९३ च्या वह्या ठेवायची मुदतच संपली होती. शोधणार कशातून?

ब्रिटनमध्ये ही तपासणी सप्टेंबर १९९१ ला सुरू झाली आणि जुने रुग्ण शोधायला १९९५ उजाडलं. तिथेही पुष्कळांची कागदपत्रं सापडली नाहीत. दूषित रक्ताबद्दलच्या २०२४ च्या चौकशी अहवालाने तिथल्या सरकारचे वाभाडे काढले, त्यानंतर २०२५ पासून इंग्लंडात नव्या रुग्णाची नोंदणी करताना ‘१९९६ पूर्वी रक्त चढवलं होतं का’ हे विचारायचं ठरलं. एवढा एक प्रश्न आपल्या केसपेपरवरही छापता येईल. खर्च शाईचा.

नुकसानभरपाईचं म्हणाल तर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाच्या एका निवृत्त जवानाला दीड कोटीच्या वर भरपाई दिली. त्याला २००२ मध्ये लष्करी रुग्णालयात चढवलेल्या रक्तातून एचआयव्ही झाला होता. तुमच्या बाबतीत मात्र रक्तातूनच झालं हे सिद्ध करणं अवघड आहे. त्या काळी खेड्यात साध्या तापालाही सुई टोचायचे, काचेची सिरिंज नीट उकळलेली असेलच असं नाही.

म्हणून वकिलाआधी उपचार बघा. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेला पदार्थ, पॉझिटिव्ह आली तरी विषाणू आत्ता अंगात आहेच असं नसतं, ‘व्हायरल लोड’, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, करून घ्या. २०१८ पासून सरकारच्या हिपॅटायटिसवरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. लिव्हर आधीच खराब असेल तर काहींना जास्त दिवस. आणि घरात कुणी आईचं ताट-तांब्या वेगळा केला असेल तर आजच्या आज परत एकत्र करा, जेवणातून हा पसरत नाही. फक्त ब्लेड, नेलकटर आणि ब्रश तिचा तिला.

एक काम आईकडूनच होईल. तेव्हा वॉर्डात शेजारच्या खाटांवर कोण होतं, गावातल्या अजून कुणाकुणाला रक्त लावलं होतं, तिला विचारा. बायकांना असलं बरोबर आठवतं. जे हयात आहेत त्यांनाही तपासायला घेऊन जा.