माळ्यावरची टाकी आणि मार्चचा हप्ता

डोंबिवलीहून एका वाचकांनी लिहिले आहे: "आमची इमारत 1987 सालची आहे. न्हाणीघरावरच्या माळ्यावर पत्र्याची 500 लिटरची टाकी असून पाणी तांबूस येते आणि तळाला पोपडे सुटले आहेत. प्लंबर ठिगळ मारून आतून रेडऑक्साइड लावण्याचे 4,500 रुपये सांगतो, तर जुनी टाकी काढून प्लास्टिकची बसवण्याचे 18,000. बँकेच्या स्कीमचा एक लाखाचा तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे आणि पाच वर्षांत पैसे दुप्पट होणार असल्याने तो चुकवायचा नाही. त्याखेरीज 60,000 ची एकच मुदत ठेव आहे. ती मोडावी, कार्डावर हप्ते करावेत, की सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे म्हणून ठिगळावर भागवावे? वय 53, निवृत्ती 58 व्या वर्षी. स्कीमच्या कागदाची प्रत जोडली आहे."

मुदत ठेव मोडा आणि टाकी बदला. मुदतपूर्व मोडण्याचा दंड काहीशे रुपयांत आटोपतो; कार्डाच्या वर्षभराच्या हप्त्यांत व्याज आणि शुल्क मिळून दीड हजाराच्या आसपास जातील. झिजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले की आजूबाजूचे उरलेसुरले जस्तही जळते आणि गंज तिथूनच पुढे सरकतो, शिवाय रेडऑक्साइड हा पिण्याच्या पाण्याच्या टाकीत लावण्याचा रंगच नव्हे. भरलेल्या टाकीत अर्धा टन पाणी असते, हे खालच्या मजल्यावरचे छत ओले होण्याआधी लक्षात घ्यावे. नवी टाकी घेण्यापूर्वी माळ्याचे तोंड मोजा. एक मोठी आत जात नसेल तर 250 लिटरच्या दोन जोडता येतात. पुनर्विकासाची चर्चा मात्र हिशेबात धरू नका. विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागार, निविदा, करार आणि महापालिकेची परवानगी एवढ्या पायऱ्या शिल्लक असताना तांबूस पाणी पीत बसण्यात अर्थ नाही.

खरी गळती आपण जोडलेल्या कागदात आहे. ही बँकेची स्कीम नसून विमा पॉलिसी आहे. दहा वर्षे दरवर्षी एक लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 18 लाख मिळायचे, असे त्यात स्वच्छ छापले आहे. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात. इथे परतावा जेमतेम साडेपाच टक्क्यांच्या वर जातो. बँकेतल्या ज्या गृहस्थांनी ठेवीच्या नूतनीकरणासाठी गेलेल्या आपल्याला ही पॉलिसी दिली, त्यांनी आपले निवृत्तीचे वय विचारले नसावे, कारण शेवटचे तीन हप्ते पगार थांबल्यानंतरचे आहेत.

रागाच्या भरात ती सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत मागू नका. भरलेल्या दोन लाखांवर आज किमान हमी 30 टक्क्यांची, म्हणजे 60,000 रुपयांची आहे. ते आणि उरलेले आठ हप्ते सात टक्क्यांनी गुंतवले, तरी तेरा वर्षांनी 17 लाखांच्या आतच राहाल. पॉलिसी पुढे चालवलीत तर 18 लाख मिळतील. हप्ते थांबवून ती पेड-अप केली, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच मुदतीपर्यंत चालू ठेवली, आणि तेच आठ लाख वर्षागणिक पीपीएफसारख्या ठिकाणी टाकले, तर तिथे साडेपंधरा लाखांच्या जवळपास जमतील आणि पॉलिसीचे तीन लाख धरले तरी बेरीज 18 लाखांच्या पुढे जाते. फरक थोडा आहे, हे मान्य. पण पेड-अपमध्ये एखाद्या वर्षी पैसे नसले तर भरण्याची सक्ती राहत नाही, आणि 18,000 रुपयांसाठी एकुलती ठेव मोडायची वेळ आलेल्या घराला तीच मोकळीक हवी आहे. विम्याचे कवच त्यामुळे घटेल, परंतु दहा लाखांचे ते कवच मुळातच तोकडे होते. घरात कोणी आपल्या पगारावर अवलंबून असेल तर निवृत्तीपर्यंतचा साधा मुदत विमा वेगळा घ्यावा.

तीन लाखांचा आकडा मी अंदाजाने धरला आहे. आपण कंपनीकडून पेड-अप मूल्य आणि सरेंडर मूल्य दोन्ही लेखी मागवा, बँकेतल्या त्या गृहस्थांकडून तोंडी नको. पेड-अपचा आकडा अडीच लाखांच्या खाली आला तर मला पुन्हा लिहा, कारण मग हिशेब उलटतो. हप्त्याच्या तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबता येईल. वाचलेल्या लाखातून आधी टाकीसाठी मोडलेली ठेव पुन्हा उभी करा आणि तिच्यात निदान चार महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत पीपीएफकडे वळू नका.