सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या अपेक्षेप्रमाणे वागावे, यासाठी डिझाइन करताना काय पाहावे?

स्क्रीन सुटसुटीत असूनही ‘हे विचित्र वागते’ अशी तक्रार वापरकर्ते का करतात, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अशा वेळी आपली स्क्रीन क्षणभर बाजूला ठेवून, त्या माणसाच्या हाताला आधीपासून कशाची सवय आहे ते पाहावे.

काही वर्षांपूर्वी आम्ही गृहनिर्माण संस्थांच्या देखभाल शुल्काच्या पावत्या करणारे, ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर तयार केले. गिरगावातील एका संस्थेचा हिशेब सांभाळणारे काका पहिल्याच दिवशी वैतागले, कारण सदनिका क्रमांक टाकून एंटर दाबले की शून्य रकमेची पावती जतन होत असे. शेजारी बसून पाहिल्यावर उलगडा झाला. वर्षानुवर्षे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या त्यांच्या करंगळीला एंटर म्हणजे ‘पुढचा रकाना’ एवढेच ठाऊक होते, तर ब्राउझरमधील फॉर्मवर एंटर म्हणजे बहुधा ‘सबमिट’. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच. पण आमचा ग्राहक टॅलीकडून आलेला असल्याने आम्ही एंटरने पुढच्या रकान्यात जाण्याची सोय केली आणि जतन करण्यापूर्वी शेवटी एकदा विचारू लागलो. स्वल्पविरामाचेही तसेच झाले: आमच्या स्क्रीनवर १५०,००० असे उमटे आणि काका त्यावर बोट ठेवून शून्ये मोजत. ते १,५०,००० केल्यावर बोट उचलले गेले. (हा दोष चाचणीत आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.)

मात्र सवय कोणाची, हेही ठरवावे लागते. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर कर्जत लोकलसाठी ‘एस’ आणि कसारा लोकलसाठी ‘एन’ हे अक्षर येते. रोजच्या प्रवाशाला ते एका नजरेत पुरते, पण डोंबिवलीला प्रथमच निघालेल्या पाहुण्याला तोच ‘एस’ स्लो गाडीचा वाटू शकतो. आमच्याकडेही दोन्ही प्रकारचे लोक होते, कारण रहिवासी महिन्यातून एकदाच येत. म्हणून त्यांच्या स्क्रीनवर चिन्हांऐवजी ‘शुल्क भरा’, ‘पावती पाहा’ असे पूर्ण शब्द लिहिले, आणि काकांच्या स्क्रीनवरील एकही बटण त्यानंतर जागचे हलवले नाही.